कराटे, तायक्वांदो की आजोबांची तालीम?

आधी पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. ती खूप लाजाळू आहे. स्कूलबसमध्ये दुसरीतला एक मुलगा तिला रोज ढकलतो, खिडकीची जागा घेतो, आणि ही नुसती रडत घरी येते. मिस्टर म्हणतात सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कराटे आहे, तिथेच घालू, लिफ्टने खाली उतरलं की क्लास. माझी मैत्रीण म्हणते तायक्वांदोच घ्या, ते ऑलिम्पिकमध्ये असतं. सासरे मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी तालमीत जायचे. त्यांचं म्हणणं, हे जपानी-कोरियन सोडा आणि पोरीला मल्लखांब नाहीतर कुस्ती शिकवा. रोज जेवताना यावरून वाद होतात. नक्की कुठलं चांगलं? आणि किती दिवसांत ती स्वतःचं रक्षण करायला शिकेल? – एक आई, ठाणे"

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की घरातला अर्धा वाद निकालात निघेल. किती दिवसांत स्वतःचं रक्षण करायला शिकेल, तर सहाव्या वर्षी नाही शिकणार हो. कुठल्याच क्लासला नाही, मग बोर्डावर सेल्फ डिफेन्स कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असू दे. पहिलीतली मुलगी म्हणजे वजन वीस किलोच्या आसपास, समोर मोठा माणूस असला तर तिचा कुठला ब्लॉक आणि कुठली किक चालणार, आणि जो सर तुम्हाला सांगेल की चालते त्याच्या दारातसुद्धा उभं राहू नका. त्या वयात चालतं काय, तर जीव खाऊन ओरडणं, ओळखीच्या माणसाकडे पळत सुटणं आणि घरी येऊन न घाबरता सगळं सांगणं. या तिन्ही गोष्टी घरीच शिकवता येतात, फुकट. तुमचा आणि मिस्टरांचा मोबाइल नंबर पाठ करून घ्या, त्याच्याबरोबर चाइल्डलाइनचा 1098 पण.

आणि बसचं काय करायचं ते क्लासवर ढकलू नका प्लीज. ते काम शाळेचं आहे. बसमधल्या मावशींशी बोला, शाळेत ट्रान्सपोर्ट बघणाऱ्यांना लेखी द्या, तिची जागा मावशींच्या शेजारी ठरवून घ्या, एवढ्याने बऱ्याचदा भागतं. तिला चुकूनही असं सांगू नका की थांब, तू कराटे शिक मग त्याला दाखव. बिचारी दोन महिने शिकेल, एक दिवस हिंमत करून हात उचलेल, तो दुसरीतला तिच्यापेक्षा डोकाभर उंच, तो परत ढकलेल, आणि मग तिला वाटेल की मी शिकले तरी काही उपयोग नाही. शिवाय शाळेत तक्रार गेली तर मारामारी करणारी म्हणून नाव हिचंच लागायचं.

आता कुठलं चांगलं ते बघू. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी कॉलेजात ज्युदो खेळलेय आणि नंतर नेरूळला लहान मुलांच्या बॅचवर सरांना मदत करायला जायचे, त्यामुळे मी थोडी त्या बाजूची आहे. तरी पण मला मनापासून वाटतं की पाच-सहा वर्षांच्या मुलाला सगळ्यात आधी काय शिकवायचं तर पडायला. मारायला नंतर.

ज्युदोमध्ये त्याला ब्रेकफॉल म्हणतात, जपानीत उकेमी. लहान मुलांना शिकवतात ते असं की उकिडवं बसायचं, दोन्ही हात छातीसमोर घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची, आणि सर ओरडतात "बेल्टची गाठ बघ, गाठ बघ!" कारण गाठीकडे बघितलं की मान आपोआप पुढे येते, आणि मग पाठ गोल करून मागे लोळायचं आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, फाट्कन मॅटवर आपटायचे. पहिल्या दिवशी निम्मी मुलं गाठीकडे बघायची सोडून छताकडे बघतात, हात मागे टेकवतात, एखादं रडतं. काही आठवड्यांनी तीच मुलं त्या फाट्कन आवाजासाठी परत परत पडत असतात, थांबवावं लागतं. यात दोन गोष्टी होतात, एक म्हणजे डोकं मागे आपटत नाही, आणि दुसरं म्हणजे पडताना हात मागे टेकवायची जी सवय असते, ज्याने मनगट मोडतं, ती सुटते. तुमच्या मुलीवर रस्त्यात कोणी हल्ला करेल की नाही माहीत नाही, पण ती सायकलवरून पडणार, पावसाळ्यात सोसायटीच्या पोडियमवरच्या टाइल्सवर घसरणार, हे तर मी लिहून देते. पडायला आलं तर त्या दिवशी कामाला येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे पकड. ज्युदो, कुस्ती, जिऊजित्सू यात समोरच्याला धरावंच लागतं, तो पण तुम्हाला धरतो, ओढतो, ढकलतो, अंगावर वजन टाकतो. लाजाळू मुलीसाठी मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बसमध्ये तो मुलगा ढकलतो तेव्हा तिला लागतं कमी, ती गडबडूनच जास्त जाते, असं कोणी अंगाला भिडलेलंच नसतं ना कधी. मॅटवर रोज कोणीतरी ढकलतंय, हीसुद्धा ढकलतेय, मग दोघी हसतायत आणि शेवटी वाकून नमस्कार करतायत, असं वर्षभर झालं की ढकलणं ही काही जगबुडी राहत नाही. तिने त्या मुलाला आपटावं असं नाही म्हणत मी. ती रडत न बसता "ए, ही माझी जागा आहे" म्हणेल, बास की.

पण ज्युदो म्हणजे आपोआप सेफ असंही समजू नका. जपानमध्येच शाळांमधल्या ज्युदोत मागे पडून डोक्याला मार लागल्याने मुलं दगावलेली आहेत, विशेषतः ओसोतोगारी नावाच्या डावात, ज्यात पाय मागून उडवून सरळ पाठीवर पाडतात आणि ज्याला नीट पडता येत नाही त्याचं डोकं पहिलं आपटतं. म्हणून विचारायचं की मुलांना पाडायला कधी सुरुवात करता. "पहिल्या आठवड्यापासून, मुलांना मजा येते" असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. इतक्या लहान वयात गळा आवळणं आणि हाताचे लॉक हे पण नको. आणि तिथल्या ज्युदो फेडरेशनने 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद करून टाकली, कारण मुलांपेक्षा आईबाप आणि कोचच जिंकायच्या मागे लागले होते. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जिथे ज्युदो सुरू केला त्या देशाने हे केलं, आणि आपल्याकडे सात वर्षांच्या पोरांना नॅशनलला नेतात.

आता मिस्टरांचं कराटे. त्याला नावं ठेवायची फॅशन आहे हल्ली, की रांगेत उभं राहून हवेत हात मारतात, त्याचा काय उपयोग. पण ते रांगेतलं कराटे मुळात शाळेतल्या पोरांसाठीच बसवलेलं आहे. ओकिनावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू नावाच्या गुरुजींनी ते शाळेत पीटीसारखं आणलं, त्यासाठी सोपे काता (एकट्याने करायच्या, क्रम ठरलेल्या हालचाली) बसवले, त्यांचे शिष्य फुनाकोशी यांनी 1922 मध्ये ते जपानच्या मुख्य भूमीवर नेलं, आणि आज शोतोकान, म्हणजे फुनाकोशींच्या शैलीच्या, क्लासमध्ये मूल पहिल्यांदा शिकतं तो हेयान शोदान हा त्याच घराण्यातला. त्यामुळे शिस्त, तोल, डावा-उजवा कळणं, सगळ्यांसमोर एकटीने काता करून दाखवणं, यासाठी कराटे उत्तम आहे. लाजाळू मुलगी जेव्हा पोट आत घेऊन "किआई!" करून ओरडते ना, ते बघण्यासारखं असतं. वर ओरडायला शिकवा म्हणाले ते इथे आयतंच होतंय. फक्त त्यात पडणं आणि पकड जवळजवळ नसते हे लक्षात ठेवा.

तायक्वांदोबद्दल तुमची मैत्रीण म्हणते ते खरं आहे, 2000 च्या सिडनीपासून ते पदकाचा खेळ आहे, ज्युदो तर पहिल्यांदा 1964 ला आलं, आणि कराटे फक्त टोकियोला एकदाच होतं, पॅरिसला काढून टाकलं. पण सहा वर्षांच्या मुलीसाठी ऑलिम्पिकवरून क्लास ठरवणं म्हणजे जरा... जाऊ दे. पाय मोकळे होतात, उड्या, लवचिकपणा, मुलींना आवडतं पण खूप. माझी तक्रार एकच. त्यात छातीच्या किकला दोन पॉइंट आणि डोक्याच्या किकला तीन, गिरकी घेऊन डोक्याला मारली तर पाच, म्हणजे डोक्याला मारायचं बक्षीसच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये मुलांच्या मार्शल आर्ट्सवर जे लिहिलं त्यात सांगितलंय की हेडगार्ड घातलं म्हणजे मेंदूला हादरा बसणार नाही असं धरून चालू नका, आणि मुलांच्या खेळात डोक्याला मारून पॉइंट मिळणं बंद व्हावं. तेव्हा क्लास लावलात तर पूमसे (तायक्वांदोतले काता) आणि पॅडवर किक मारणं इथपर्यंत ठीक, फाइट खेळवणार असतील तर डोक्याला मारू देता का ते स्पष्ट विचारा. बॉक्सिंगचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण कोणीतरी सुचवेलच, तर या वयात नको. ज्या खेळात डोक्यावर मारणं हाच खेळ आहे तो पहिलीत कशाला?

सासऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. उलट तुमच्या घरात सगळ्यात मुद्द्याचं तेच बोलतायत. मल्लखांब हा पैलवानांच्या सरावासाठीच वाढलेला प्रकार, दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नव्याने उभं केलं असं मानतात, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीला दोरीचा मल्लखांब मिळाला तर पकड, खांदे, पोट, उलटं लटकताना न घाबरणं हे जे तयार होतं ते कुठल्याही किकच्या क्लासमध्ये नाही होत. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात वर्षानुवर्षं हे चालू आहे, तिथल्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यात समोर प्रतिस्पर्धी नाही, म्हणून काही लोक त्याला मार्शल आर्ट म्हणत नाहीत, नका म्हणू. तिला पुढे काहीही खेळायचं असलं तरी हा पाया चालतो.

कुस्तीचं म्हणाल तर मुलींनी कुस्ती काय खेळायची हा प्रश्न आता साताऱ्यातही कोणी विचारत नाही. खाशाबा जाधव सासऱ्यांच्याच भागातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे, 1952 ला हेलसिंकीत ब्रॉन्झ, हे त्यांनी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं असेलच. आता तुम्ही त्यांना सांगा की पहिली महिला महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीला झाली तेव्हा फायनलला सांगलीच्या प्रतीक्षा बागडीसमोर आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील होती. खूश होतील. अडचण एवढीच की मुलींची, आणि त्यातही इतक्या लहान मुलींची बॅच असलेली, मॅट असलेली तालीम तुमच्या बाजूला मिळायला हवी. एकटी मुलगी आणि बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं असं असेल तर आत्ता नको.

आणि मिळायला हवी हाच खरा मुद्दा आहे. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, कराटे-तायक्वांदो दर दुसऱ्या सोसायटीत आहे, ज्युदो आणि मल्लखांब शोधावे लागतात. समजा नौपाड्यात एकदम छान क्लास मिळाला. संध्याकाळी साडेपाचला कासारवडवलीहून निघा, मेट्रोचं काम, मानपाडा, माजिवडा, पोचेपर्यंत पोरगी गाडीत झोपलेली आणि तुमचं डोकं फिरलेलं. दोन महिन्यांत सुटतो असा क्लास, मी पैज लावते. पाऊण तासाच्या क्लाससाठी दीड तास ट्रॅफिकमध्ये जात असेल तर तो क्लास कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी नाही. म्हणून माझा हिशोब असा आहे: वीस-पंचवीस मिनिटांच्या आत लहान मुलांचा ज्युदो किंवा मल्लखांब मिळाला आणि सर चांगले असले तर तो. नाहीतर क्लबहाऊसचं कराटे, पण सर चांगले असले तरच. आणि खालचे सर वाईट असतील तर लिफ्टची सोय गेली खड्ड्यात, एक वर्ष थांबा, पोहायला नाहीतर जिम्नॅस्टिक्सला घाला, सातव्या वर्षी सुरू केलं तर काही बिघडत नाही.

सर चांगले हे कसं ओळखायचं, तर एक पूर्ण क्लास बसून बघायचा, फोन पर्समध्ये ठेवून. बसू देत नसतील, दार लावून घेत असतील, "पेरेंट्स समोर असले की मुलं लक्ष देत नाहीत" म्हणत असतील तर विषय तिथेच संपला, यात मी काहीही ऐकून घेत नाही. रोज बसायची गरज नाही, पण कधीही न सांगता येऊन बघता आलं पाहिजे.

बघायचं काय? हुशार मुलांकडे बघू नका, ती कुठेही चांगलीच दिसतात. सगळ्यात शेवटी उभं असलेलं, डावा पाय सांगितला की उजवा टाकणारं जे पोर असतं त्याच्याकडे बघा. मागे माजिवड्याच्या बाजूला एका क्लासमध्ये मी बसले होते, तीस-एक मुलं, एक सर, एक किकपॅड, सगळी लाइनीत, प्रत्येकाने तीन किक मारायच्या आणि परत लाइनीच्या शेवटी. तासातला बराचसा वेळ पोरं लाइनीत उभी राहून एकमेकांचे बेल्ट ओढत होती. त्यात एका बारक्या मुलाची किक चुकली तर सर म्हणाले "क्या बेटा, खाना नहीं खाया?" आणि सगळी हसली. तो पोरगा नंतर आपला नंबर आला की हळूच मागे सरकायचा, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही. असा क्लास नको. जिथे सर किंवा मोठा विद्यार्थी गुडघ्यावर बसून त्या पोराचा पाय हातात धरून फिरवून दाखवतो, तो क्लास घ्या, मग आर्ट कुठली का असेना. पंधरा मुलांमागे एक शिकवणारा ठीक, त्याहून जास्त असतील तर हाताखाली कोणीतरी हवं. शिक्षा म्हणून उठाबशा, पट्टीने मारणं, उन्हात उभं करणं दिसलं तर उठून या.

खालच्या मॅटला हात लावून बघा. ती कोड्यासारखी जोडायची वीस मिलिमीटरची मॅट किकसाठी चालते, पण जिथे पाडापाडी आहे तिथे चाळीस तरी हवी, आणि फटीत पाय अडकत नाही ना बघा. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर मॅट वाळतच नाहीत, त्यामुळे पकडीच्या खेळात गजकर्ण पसरतं, आमच्याकडे एका मुलीच्या मानेवर आलं आणि बघता बघता अर्ध्या बॅचला झालं. मॅट रोज पुसतात का, कशाने पुसतात, हे बिनधास्त विचारा. घरी आल्यावर लगेच आंघोळ, ड्रेस प्रत्येक वेळी धुवायचा (म्हणून पावसाळ्यात दोन लागतात), नखं कापलेली, आणि अंगावर गोल चट्टा दिसला तर मेडिकलमधून मनाने ट्यूब न आणता स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि बरं होईपर्यंत क्लास बंद.

पैशाचं आधीच विचारा. महिन्याची फी सांगतात ती नुसती सुरुवात असते. ड्रेस, रजिस्ट्रेशन, दर तीन महिन्यांनी बेल्टची एक्झाम, बेल्टचे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे, मग टूर्नामेंटची एंट्री आणि जायचा-यायचा खर्च. वर्षाचा सगळा मिळून आकडा कागदावर मागा. दर तीन महिन्यांनी सगळीच्या सगळी बॅच पास होत असेल तर ती परीक्षा नाहीये, हप्ता आहे. कानोंच्या वेळी पांढरा आणि काळा एवढंच महत्त्वाचं होतं, मधले रंगीबेरंगी बेल्ट बरेचसे युरोपात रुळले, मुलांना टिकवायला चांगले आहेत, पण दहा वर्षांच्या मुलाला ब्लॅक बेल्ट देणाऱ्यांपासून लांब राहा. तायक्वांदोचं मुख्यालय असलेलं सोलचं कुक्कीवॉनसुद्धा पंधराच्या आतल्या मुलांना 'दान' (मोठ्यांच्या ब्लॅक बेल्टची श्रेणी) न देता 'पूम' ही मुलांची वेगळी श्रेणी देतं. आणि "आमच्याकडे आठ नॅशनल गोल्ड आहेत" यावर भाळू नका, स्वतःच्याच संघटनेची स्वतःच भरवलेली नॅशनल पण असते.

सुरुवात आठवड्यातून दोन दिवसांनी करा, तीन नको, पहिलीचा अभ्यास आणि शाळेची बस धरून ती आधीच दमलेली असते. ट्रायल क्लास दोन तरी मागा, एका क्लासवरून लाजाळू मुलीचं काही कळत नाही, पहिल्या दिवशी ती तुमच्या ओढणीमागेच उभी राहणार आहे. राहू दे. ओढून मॅटवर उभं करू नका. ड्रेस एक महिना घेऊ नका, ट्रॅकपॅन्ट आणि जुना टीशर्ट चालतो, नाही चालत म्हणाले तर का ते विचारा. तीन महिने पूर्ण करायचे असं तिच्याशी आधीच ठरवा, म्हणजे एखाद्या मंगळवारी "आज नको" म्हणाली तर जायचं, पण तीन महिन्यांनंतरही क्लासच्या दिवशी पोटात दुखत असेल तर काढून टाका, आणि फीसाठी तिला ऐकवू नका.

आणि सासऱ्यांना ट्रायलला बरोबर घेऊन जा. तालमीत घाम गाळलेल्या माणसाला शिकवणारा खरा की खोटा हे दहा मिनिटांत कळतं, तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर. मिस्टरांना फीचा आकडा काढायला लावा.